खांद्यावरची वाळू

मास्तर,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर तोंड उघडायची छाती नव्हती. आता उत्तर यायची भीती नाही, म्हणून लिहिते आहे. आमच्या घाटकोपरात हल्ली पावलोपावली जिम आहे. चारी भिंतींना आरसे, आणि वजनापेक्षा स्वतःकडेच जास्त बघणारी माणसं. तुमच्याकडे चाळीमागचं मैदान होतं आणि काकूंनी जुन्या ताडपत्रीच्या शिवलेल्या वाळूच्या पिशव्या. दिवसभर कारखान्यात लेथ चालवायचात आणि संध्याकाळी आम्हा दहा मुलींना कबड्डी शिकवायचात. गणपती गेले की सामने सुरू होईपर्यंत चढाई नाही, पकड नाही, फक्त वजन. पिशवी खांद्यावर, तोंडानं ‘कबड्डी कबड्डी’ आणि बैठका. दम तुटला की पिशवी खाली. ‘‘जेवढं घेऊन बोलता येतं तेवढं तुझं. त्याच्या वरचं शेजारणीचं,’’ म्हणायचात.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. बाबांच्या कानावर गेलं आणि फर्मान निघालं, मैदान बंद. दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन आमच्या दारात. अजून दिसतं मला: तुम्ही स्टुलावर बसला आहात, चहा निवतो आहे, बाबा बोलतायत. ‘‘मुलीच्या जातीनं हमालासारखं वजन उचलायचं? उद्या हिला करून कोण घेणार?’’ तुम्ही वाद घातला नाहीत. आईला म्हणालात, ‘‘वहिनी, ही पिशवी जरा आत ठेवता?’’ आईनं ती एका हातानं उचलली. दुसऱ्या हातात कपबशा होत्याच. ‘‘एवढीच? नळावरनं बादल्या आणते मी, त्या काय कापसाच्या असतात?’’ बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. आई मात्र सुटली. ‘‘इतकी वर्षं तीन मजले चढवतेय, तेव्हा नाही कुणाला हमाल दिसला तो!’’ परवानगी मिळाली ती आईच्या धाकानं, पण डोकं तुमचं. एवढ्या कमी शब्दांत जिंकणारा वकील मी पुढे पाहिला नाही.

आणि मग मी माती खाल्ली. पहिल्या सामन्याला आठवडा उरला होता. चढाईला मी की माझी मैत्रीण, हे तुम्ही ठरवणार होतात. तुम्हाला त्या दिवशी कारखान्यातून यायला उशीर झाला. तेवढ्यात मी तिची जड पिशवी खांद्यावर घेतली. दोनदा ‘कबड्डी’ म्हटलं, मग दात आवळून मुकाट बैठका मारल्या. सातव्या बैठकीला कमरेत चमक भरली. तुम्ही आलात तेव्हा मी हसत उभी होते. ‘‘वाकून चप्पल उचल बघू,’’ म्हणालात. वाकता येईना. ‘‘घरी जा. या मोसमात तू नाहीस.’’

‘‘मास्तर, थोडंसंच दुखतंय...’’

‘‘दुखण्याचं सोड गं. दम तुटला तेव्हा थांबली का नाहीस?’’

घरी बाबांनी विचारलं आणि मी म्हटलं, मास्तरांनीच जड पिशवी दिली. बाबा तडक मैदानावर. साऱ्या चाळीदेखत ते तुम्हाला वाट्टेल ते बोलले. मी गॅलरीतून बघत होते. तुम्ही एकदा वर माझ्याकडे पाहिलंत आणि त्यांना म्हणालात, ‘‘चुकलं. माझं लक्ष हवं होतं.’’ त्या आठवड्यात आणखी तिघींना घरच्यांनी काढून घेतलं. उरल्या सहा. सात लागतात. त्या वर्षी आपला संघ उतरलाच नाही. तरी त्या सहाजणींकडून तुम्ही रोज बैठका काढून घेत राहिलात, आणि पुढल्या वर्षी मला बोलवायला स्वतः आलात. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही.

आता मी लेखांतून मंत्र्यासंत्र्यांच्या थापा सोलते. लोक म्हणतात, बाई निर्भीड आहेत. तुमचा मुलगा अजून त्याच चाळीत राहतो. हे पत्र त्याच्या हातात द्यायला दहा मिनिटं पुरतील. देणार नाही. बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत तुमचं नाव निघालं की म्हणायचे, ‘‘माणूस चांगला, पण माझ्या पोरीच्या कमरेची वाट लावली रे त्यानं.’’ मी शेजारीच बसलेली असायचे. एकदाही त्यांना सांगितलं नाही.