जिन्याखालचा बाक

३ फेब्रुवारी, सोमवार
सोसायटीची नोटीस लागली. जिन्याखालचा बाक काढून तिथे पार्सलांचं कपाट करणार. रविवारी सभा, हात वर करून मतदान. मी विरोध करणार. तत्त्वाचा प्रश्न आहे. मला स्वतःला बाकाची गरज नाही. पाच ते सात मी तिथे सहज बसते, इतकंच. हे गेले त्या वर्षापर्यंत यांच्या बुटांच्या नाड्या मी त्याच बाकावर बांधून द्यायचे. त्याचा इथे संबंध नाही.

४ फेब्रुवारी
मासिकात वाचलं. एकच माणूस न चिडता, न डगमगता तेच सांगत राहिला तर अख्खा गट हळूहळू वळतो. शाळेत सिस्टर हेच शिकवायच्या. पाठ ताठ, हात मागे, आवाज शेवटच्या बाकापर्यंत. वक्तृत्वाचा कप अजून शोकेसमध्ये आहे.

५ फेब्रुवारी
दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना बाकावर बसवून सगळे मुद्दे सांगितले. पाऊण तास मान डोलवत होते. शेवटी डोळे मिटले. विचार करताना मिटतातच.

६ फेब्रुवारी
लिफ्टपाशी अध्यक्ष म्हणाले, मावशी, अहो त्या बाकावर बसतं कोण? तुम्ही एकट्या. मी न चिडता सांगितलं, प्रश्न संख्येचा नाही. मग कशाचा, म्हणाले. तेवढ्यात लिफ्ट आली. उत्तर तयार होतं.

८ फेब्रुवारी
भाषणासाठी आवाज जपला. दिवसभर कुणाशी एक शब्द बोलले नाही. फारसं जड गेलं नाही.

९ फेब्रुवारी, दुपार
ठरवल्याप्रमाणे सभेत मागे उभी राहून बोलणार होते. अध्यक्षांच्या बायकोनं हाताला धरून मधल्या खुर्चीत बसवलं. लांब काय उभ्या मावशी, म्हणाली, आमच्यात बसा की. दोन्हीकडून खांद्याला खांदे लागले. कितीतरी दिवसांनी. कपाटाच्या बाजूनं कोण, असं अध्यक्षांनी विचारलं. चहूकडून हात वर गेले. त्यांत एक माझा होता. टाळ्या. एकमताने मंजूर.
हा डावपेच आहे. आधी त्यांच्यातलं व्हायचं, मग वळवायचं.

१० फेब्रुवारी
जिन्यात डॉक्टर भेटले. म्हणाले, बाई, मी नाहीच म्हणणार होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनाही पटवलं होतं. मागच्या रांगेतून आम्ही दोघं तुमच्याकडेच बघत होतो. तुमचाच हात वर गेल्यावर आम्ही कशाला वाईटपणा घ्यायचा?
पाऊण तास ते जागेच होते तर.

११ फेब्रुवारी
बाक गेला. भिंतीवर त्याच्या पाठीएवढा उजळ पट्टा राहिलाय. कपाट उद्या. भाषण अजून तोंडपाठ आहे. पाच वाजता खाली गेले. पट्ट्याला टेकून, हात मागे, ताठ उभी राहिले. माणसं आली, गेली. अध्यक्षांच्या बायकोनं विचारलं, मावशी, तुमचं काही पार्सल यायचंय का?
हो म्हटलं. सातपर्यंत थांबले.