दुर्गाघाटावरची नवी चूल

दुर्गाघाट, वाराणसी
१९ जानेवारी

ती. ताईस,

बिंदूचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली आहेत, उरलेली तीन उन्हाळ्यात पोचवतो.) तुझे गुडघे कसे आहेत? आमचे भाचेबुवा देवव्रत वेळेवर औषधं देतात ना? नागपुरातली थंडी म्हणजे दोन दिवसांची पाहुणी. इथे आठ दिवस सूर्य नाही, आणि गंगेला पलीकडचा काठ आहे हे आम्ही केवळ श्रद्धेने मानतो. सुरेखा बरी आहे. कालपासून माझ्याशी बोलतेही आहे. मधले नऊ दिवस का बोलत नव्हती, ते सांगायलाच हा कागद.

ताई, मी छतावरच्या कोठरीत चूल बसवली.

घरात दोन सिलिंडर असताना चूल कशाला, असं तू म्हणणारच. झालं असं की दिवाळीत कोठरीला चुना दिला, तर कोपऱ्यात भिंतीवर काळा डाग तसाच वर आला. दुसरा हात दिला, तिसरा दिला, डाग हटेना. मग लक्षात आलं, की ही आईच्या चुलीची जागा. मी तिथे अर्धा तास बसून राहिलो. शाळेतून आलो की आपण दोघं तिच्या दोन बाजूंना बसायचो. तू नेहमी वैलाच्या बाजूला, कारण मागच्या त्या मंद आचेवर दूध असायचं आणि सायीवर तुझा डोळा. (नाही म्हणू नकोस.) थंडीत आई निखाऱ्यांत रताळी पुरायची आणि फुटलेलं रताळं स्वतःकडे घ्यायची.

ती चूल कोणी फोडली, हे तुला कधी सांगितलं नाही. मी फोडली. तुझं लग्न झालं त्याच वर्षी मला शाळेत नोकरी लागली, गॅस आला. आई मंगला गौरीच्या देवळात गेली होती. तिला चकित करावं म्हणून मी पहार घेतली आणि परत यायच्या आत चूल सपाट केली. तिने गॅसचं कौतुक केलं, माझ्या हातावर साखर ठेवली. संध्याकाळी ती माती टोपलीत भरून स्वतः गंगेत सोडायला निघाली. मी म्हटलं, टोपली मी घेतो. म्हणाली, "राहू दे रे, तुला शाळा आहे." त्या दिवशी रविवार होता.

तर चूल बसवायची, आणि स्वतःच्या हाताने. (बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय, ज्वलनाचा धडा तर पुस्तक न उघडता.) मातीची तयार चूल आणली, पत्र्याचा पाइप आणला, तीनदा वाकवून खिडकीबाहेर काढला आणि लाकडं पेटवली. आता आपल्या गल्लीत खिडकीबाहेर म्हणजे समोरच्या दत्तात्रेयगुरुजींच्या घरातच. ते त्या वेळी परदेशातल्या शिष्यांना व्हिडिओ कॉलवर वेद शिकवत होते. शिष्यांनी पाहिलं ते इतकंच, की मंत्राच्या मध्यावर गुरू धुरात अंतर्धान पावले. दोघांनी हात जोडले म्हणे. गुरुजी खिडकीत येऊन खोकत म्हणाले, "बिंदुमाधव, यज्ञ असेल तर आधी आमंत्रण तरी द्या!"

शरमेने मी पाइप आत ओढला, खिडकी घट्ट लावली आणि लाकडांऐवजी लाकडी कोळसा पेटवला. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे माझं विज्ञान. कोठरी छान उबदार झाली. डोकं जड झालं, पण सुखच वाटत होतं. जिन्यावर आईची पावलं ऐकू आली. ती सुरेखाची होती. तिने मला काखेत हात घालून छतावर ओढलं, ताई, आणि मी तिच्या शालीवर ओकलो. डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या या वायूला रंग नसतो, वास नसतो. अजून थोडा वेळ गेला असता तर उपयोग नव्हता. सुरेखा दवाखान्यात रडली. घरी आल्यावर बोलणं बंद.

पण न बोलता तिनेच बुधराम मिस्त्रीला आणलं. हा हलवायांच्या भट्ट्या बांधतो. माझा पाइप फिरवून पाहत म्हणाला, "मास्टरजी, ई पाइप ह कि जलेबी?" मग सुरेखा सांगत गेली आणि तो करत गेला. खाली विटांचा ओटा. चूल भिंतीपासून हातभर लांब. धुराडं सरळ छतातून वर, लाकडी तुळईला कुठेही न लागता, माणसाच्या उंचीपेक्षा वर. टोकाला टोपी, पावसासाठी. (पहिली टोपी माकडाने नेली, दुसरीला चार स्क्रू आहेत.) शेजारी वाळूची बादली. भिंतीवर त्या वायूचा वास नसला तरी किंचाळणारी एक पांढरी डबी. आणि खिडकीची दारंच काढून टाकली. "इनको बंद करने का मौका ही मत दीजिए," ती मिस्त्रीला म्हणाली, मी दोन पावलांवर उभा असताना.

काल चूल पेटवली. गुरुजी खिडकीत नाक काढून उभे होते. धुराचा मागमूस नाही म्हणून जरासे निराशच झाले. मी पिठलं-भात केला. भात खाली करपला, वर कच्चा. सुरेखा जेवली आणि नऊ दिवसांनंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलली : "मीठ कमी आहे."

मला फार बरं वाटलं. देवव्रतला आशीर्वाद.

तुझा,
बिंदू

ता.क. आईची लोखंडी फुंकणी तू नागपूरला नेली होतीस. ती हवी आहे. कुरिअरने पाठवू नकोस, ते लोक मोडतोड करतात. कोणीतरी जपून हातात घेऊन आलं तर बरं. घाई नाही, होळीच्या आत चालेल.

ता.क. वन्सं, नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून मीही चार ओळी लिहिते. लोखंडाची फुंकणी कुरिअरमध्ये कशी मोडते ते यांनाच ठाऊक. बुधरामने धुराडं इतकं चोख बसवलंय की कोठरीत धूर औषधालाही नाही, तरी हे काल डोळे पुसतच खाली आले. फुंकणी विसरलात तरी चालेल. तुम्ही या. — सुरेखा