पेपरातली कोरी जागा

डिंडोली, शनिवार, दिवेलागणीला

लिही पल्लवी, मी सांगते तस्सं. उद्या आईला वाचून दाखवताना ओळी गाळू नकोस. कोथिंबीर आणायला जाऊन पिशवीच दुकानात विसरणारी नात तू!

आज शाळेत पालकसभेला तुझ्या वर्गाच्या बाईंनी, बेननी, तुझा पेपर माझ्यापुढे धरला. "आजी, हिला सगळं येतं. पण एक उत्तर कुठं संपतं अन् दुसरं कुठं सुरू होतं तेच सापडत नाही. मार्क कुठं देऊ?"

मी हसून म्हटलं, "बेन, चष्मा बदला." बाकीच्या आयाही हसल्या. मग पेपर पाहिला. मला अक्षर येत नाही, पण गिचमीड दिसते. कडेला कोरी जागा नाही, दोन उत्तरांमध्ये बोटभरही नाही.

शिकवण माझीच. कोरी जागा सोडलीस तर कागद वाया, असं रोज मीच बजावत आले. आणि स्वतः साडीवर टिकल्या चिकटवते तेव्हा? दोन फुलांत जागा सोडतेच ना, नाहीतर फूल उठून दिसत नाही. मग तुला सांगताना अक्कल कुठं गेली होती?

"असं कोणी शिकवलं?" बेननी विचारलं. तू मान खाली घालून म्हणालीस, "माझं मीच." एवढी तोंडाळ मी, तिथं नुसती पेपराची घडी करत राहिले.

सोमवारी शाळेत येते, बेनना खरं सांगते. आईला म्हणावं, त्यांच्यासाठी ज्वारीचे बिबडे दे. डबा ठासून भरू नको, पापडच ते, मोडतात. मध्ये जागा ठेव.