मागच्या गल्लीतला फुटपाथ

८ जानेवारी २००३
सोनूबाईला ट्रकनं उडवलं. डोक्यावर माशांची पाटी घेऊन मार्केटच्या रस्त्यानं कडेकडेनं चालली होती. कड कसली — गटाराचा काठ! पाय मोडलाय. दवाखान्यात बघून आले. म्हणाली, "वहिनी, तुम्ही मेंबर ना? मग माणसानं चालायचं कुठनं, तेवढं सांगा."

मेंबर खरी. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून. दारावरच्या पाटीवर नाव माझं, कारभार नवऱ्याचा. चारचौघांत त्यांना ‘हे’ म्हणते. इथं देवदत्त लिहीन.

२१ जानेवारी
फुटपाथ आणि सायकलपट्टीसाठी निधी मंजूर. पेपरात माझा फोटो. ‘नगरसेविकेच्या पाठपुराव्याला यश.’ मी पाठपुरावा केला हे मलाही पेपरातच कळलं.

२ फेब्रुवारी
फुटपाथ मार्केटच्या रस्त्यावर नाहीच! मागच्या गल्लीत होणार — जिथं देवदत्तची नवी बिल्डिंग उभी राहतेय, तिथं. त्या गल्लीत गुरांशिवाय कोणी चालत नाही. सायकल तर मी तिथं कधी पाहिलीच नाही.

तिथं कशाला, म्हणून विचारलं. म्हणाले, मोठ्या रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्या तोडाव्या लागतील, मतं जातील. शिवाय गल्लीत आजवर एकही अपघात नाही, तेव्हा योजना शंभर टक्के यशस्वी होणार. थट्टा करतायत वाटलं. नव्हते करत. चहा मागितला.

९ फेब्रुवारी
सोनूबाईला घरी आणलंय. भिंतीला धरून उभी राहते. पाटी आता सून घेते, त्याच रस्त्यानं. ती परत येईपर्यंत म्हातारीचे डोळे दाराकडे. मी होते तेवढा वेळ फुटपाथचा विषय तिनं काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी
उद्या सभा. विरोधक फुटपाथवर उपसूचना आणणार म्हणतात.

११ फेब्रुवारी
सभा झाली.

आमच्या मतदानाची रीत अशी — गटनेते आत्माराम रुमालानं कपाळ पुसतात, की मी हात वर करायचा. माझा पाहून मागच्या बाकावरच्या कमळा आणि इतर दोघींनी करायचा. त्याही राखीव जागेवरच्या. त्यांचे नवरे बाहेर पानाच्या टपरीवर उभे असतात. वर्षभर सगळं असंच मंजूर झालं.

आज विरोधकांनी उपसूचना मांडली — फुटपाथ मार्केटच्या रस्त्यावरच करा. आमची माणसं हसली. मतदान पुकारलं. आत्मारामांचा रुमाल खिशात. माझा हात वर गेला. गेला म्हणजे — मी केला.

सगळे माझ्या मागे बघायला लागले, म्हणून वळले. तिघींचेही हात वर! बिचाऱ्या, सवयीनं. आमच्या चार मतांनी उपसूचना मंजूर झाली. मग आत्मारामांनी रुमाल काढला. या खेपेला खरंच घाम पुसायला.

१२ फेब्रुवारी
देवदत्त जेवणार नव्हते. सुरमई आहे म्हटल्यावर पानावर बसले. हात धुताना एवढंच म्हणाले, "तू बुडालीस ते ठीक. त्या तिघींच्या संसारात विस्तव का टाकलास?"

हे मात्र लागलं. फुटपाथचं मला वाईट वाटत नाही. पण त्या बायकांना घरी काय काय ऐकावं लागलं असेल! कमळाचा नवरा तर फार तापट. उद्या जाऊन तिची क्षमा मागायची.

१३ फेब्रुवारी
कमळा तांदूळ निवडत होती. म्हटलं, माझं बघून चुकून हात वर केलात, त्रास तुम्हाला झाला, क्षमा कर.

तिनं सूप खाली ठेवलं. "चुकून कसला, उमाताई? आम्ही तिघी घरूनच ठरवून आलो होतो. भीती होती ती तुमची, हात वर कराल की नाही याची."