पुढचे शॉकअप पुन्हा दबावे, याबाबत

दिनांक : ९ नोव्हेंबर, पहाटे

प्रति,
मा. भांडार व वाहन अधिकारी,
आरोग्य विभाग, भांडार शाखा,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : उपकेंद्राच्या डोंगरी सायकलीचे पुढचे शॉकअप जाणत्या कारागिराकडून उघडून व साफ करून घेण्यास परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपल्या शाखेचा पाहणी अहवाल. ३) सायकल देणाऱ्या कारागिराची तोंडी सूचना, ती कागदावर नाही, पण अर्जदारास पाठ आहे.

महोदय,

"ताई, पन्नास तास चालली की शॉकअपचे खालचे पाय उघडून तेल बदलायचं, सील पुसायचं. वर्षातून एकदा अख्खं शॉकअप माझ्याकडे आणायचं. आणि मधेच कुणी शहाणा भेटला, तर त्याला हात लावू द्यायचा नाही." ही झाली तिसऱ्या संदर्भातील सूचना. सहा वर्षांपूर्वी सायकल उपकेंद्राच्या ताब्यात देताना शेजारच्या शहरातील कारागिराने ती दिली आणि पाच वर्षे ती पाळली गेली. गेल्या वर्षी परिपत्रक निघाले की कार्यालयाची कोणतीही वस्तू कार्यक्षेत्राबाहेर न्यायची नाही, दुरुस्ती शाखेतच होईल. त्यानंतर शहाणा भेटला. तो आपल्याच शाखेचा निघाला, हे नम्रपणे निदर्शनास आणावे लागत आहे.

(पहिल्या अर्जात 'मी' असे लिहिल्याने तो परत आला होता. खिडकीवरील लिपिक भाऊंनी समजावले की कार्यालय 'मी'ला ओळखत नाही, अर्जदारास ओळखते. म्हणून येथे सर्वत्र अर्जदार असेच लिहिले आहे. सवय नाही, चुकल्यास सांभाळून घ्यावे.)

१. अर्जदार चौदा वर्षे फिरती परिचारिका आहे. उपकेंद्रापासून वरची वस्ती बारा किलोमीटर. दरड कोसळल्यापासून जीप दुसऱ्या वळणापुढे जात नाही. पुढे नुसते दगड. म्हणून ही सायकल मिळाली. इंजेक्शनच्या काचेच्या बाटल्या थंड डब्यात घालून डबा हँडलला बांधावा लागतो. वस्तीत वीज नसल्याने बाटल्या वर ठेवून येता येत नाहीत, रोज न्याव्या लागतात. दगडावरून चाक गेले की शॉकअप चार बोटे दबते आणि दणका स्वतः खाते, डब्यापर्यंत पोहोचू देत नाही. एवढेच त्याचे काम आहे आणि ते त्याने विनातक्रार केले.

२. यंदा चेन बदलली, ब्रेक बदलले, पण शॉकअप कुणी उघडले नाही. तेल आत धरणाऱ्या रबरी सीलजवळ तेलाचे वर्तुळ दिसू लागले, आत धूळ गेली. दबले की वर यायला कंटाळा करू लागले. माणसाचेही वयानुसार होतेच. अर्जदाराने अर्ज केला आणि सेवा मागितली.

३. येथे अर्जदाराचा एक नेम सांगणे भाग आहे. सूर्य उगवल्यापासून पहिल्या रुग्णाला इंजेक्शन देईपर्यंत अर्जदार बोलत नाही. आईच्या आजारपणात हा नेम धरला, तो सुटला नाही. पाहणी पथक न कळवता सकाळी सव्वासात वाजता आले. फिटरभाऊंनी हँडल दाबले, ते खाली गेले व वर आले. ते म्हणाले, "अहो, हे तर दबतंय. साफ ढिलं झालंय." मग अर्जदाराकडे वळून, "आवळून टाकू ना बाई?" अर्जदाराने मान हलवली, हात हलवला आणि शेवटी काकुळतीने दोन्ही हात जोडले. तो नमस्कार समजला गेला. अर्जदार पेन्सिल आणायला आत गेली. बाहेर येईपर्यंत सायकल पिकअपमध्ये चढलेली होती आणि फिटरभाऊ हात हलवून निरोप घेत होते.

४. सायकल चार दिवसांनी परत आली. शॉकअपच्या चकचकीत दांड्यांवर लोखंडी पाइपचे दोन-दोन अर्धे तुकडे चढवून नट-बोल्टने आवळले होते. आता ते दबत नाही. अहवालात लिहिले आहे : "पुढील भाग हलत होता, तो पक्का केला. अर्जदाराने हात जोडून आभार मानले." दुसऱ्या अर्जात अर्जदाराने लिहिले की हलणे हा दोष नसून तोच त्याचा धर्म आहे, आणि दांड्यांच्या चकचकीतपणावर सील सरकते, तेव्हा पाइप काढावेत. त्यावर पाइप काढण्यात आले, दांड्यांना राखाडी रंगाचे दोन हात देण्यात आले (कारण : उघडे लोखंड गंजते) आणि रंग वाळल्यावर पाइप पुन्हा बसवण्यात आले. काम मन लावून केले आहे, याबद्दल शंका नाही. एक ओघळसुद्धा नाही.

५. सोबत एक पत्र आले. त्यात विचारले आहे की कामाच्या वेळेत मौन पाळण्यास अर्जदारास कोणत्या नियमान्वये परवानगी आहे, व नसल्यास ती पूर्वलक्षी प्रभावाने का घेतली नाही. तसेच, सायकलीचा कोणताही भाग आता हलत नसल्याने मूळ तक्रार निकाली काढली आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराजवळ नाही. त्या सकाळी बोलायला हवे होते का, हे अर्जदार रोज देवापुढे ठेवते. तिकडूनही अजून उत्तर आलेले नाही. तिथेही टपाल साचले असावे. घरी यजमान म्हणतात, "तुझं मौन साडेनऊपर्यंत असतं. त्यांचं बाराही महिने." त्यांचे बोलणे मनावर घेऊ नये, ते निवृत्त आहेत.

६. आता मुख्य गोष्ट. ती आधी लिहायला हवी होती, पण हात धजत नव्हता. वरच्या वस्तीत विणकर आजी आहेत. साखरेचा जुना आजार. डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे स्वतः सुई भरता येत नाही. रोज सकाळी साडेनऊला अर्जदार देते. सायकल पक्की झाल्यानंतरच्या आठवड्यात तिसऱ्या वळणावर डबा आपटला आणि आतल्या दोन्ही बाटल्या फुटल्या. उपकेंद्रात त्या दिवशी दुसरी शिल्लक नव्हती. साठा येईपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी आजींना बाजेवर निजवून चार माणसांनी खाली आणले, तेव्हा त्या हाकेला ओ देत नव्हत्या.

त्या वाचल्या. अकरा दिवसांनी घरी गेल्या. पहिल्या सकाळी अर्जदाराने इंजेक्शन दिले, नेम संपला, आणि माफी मागायला तोंड उघडले, तर आजींनी मनगट धरले. हँडलचे दणके खाऊन ते सुजलेले आहे, हे त्यांच्या हाताला लागले. म्हणाल्या, "माफी नको गं. देवाला तू रोज शब्द देतेस. मला एकदाच दे. चुकवणार नाहीस ना?" अर्जदाराने शब्द दिला. त्यानंतर वस्तीकडे जाताना ती सायकलवर बसली नाही. डब्याला हिसका बसू नये म्हणून सायकल हातात धरून चालत नेते. म्हणजे सध्या सायकल अर्जदाराला नेत नाही, अर्जदारच सायकलीला हवापालट करून आणते.

७. लिपिक भाऊ भले आहेत. त्यांनी सुचवले की 'दुरुस्ती समाधानकारक झाली' या दाखल्यावर सही करावी. मग ही फाइल बंद होईल आणि नव्या तक्रारीची नवी फाइल लगेच उघडता येईल. मार्ग सरळ असेल. पण समाधान झालेले नाही, आणि सकाळी जिभेला आवर घालायचा व दुपारी खोट्यावर सही करायची, हे अर्जदाराला जमणार नाही. दाखला कोरा परत जोडला आहे.

८. तरी विनंती अशी. अर्जदारास नवी सायकल नको. फिटरभाऊंना जाब विचारू नये. त्यांना जे शिकवले ते त्यांनी केले, आणि सायकल परत आणताना त्यांनी घंटीसुद्धा बसवून दिली. फक्त एक दिवसासाठी सायकल कार्यक्षेत्राबाहेर नेण्याची परवानगी द्यावी. शेजारच्या शहरातील कारागीर पाइप काढेल, रंग खरवडेल, दांड्या वाचण्यासारख्या असल्या तर वाचवेल, सील व तेल बदलेल. तो तोंडाने फटकळ आहे, पण हात हलका आहे. रविवारी अर्जदाराची हक्काची रजा आहे आणि त्या दिवशी वरची फेरी दुसऱ्या परिचारिका ताई करणार आहेत, हे त्यांच्याशी बोलून ठरवले आहे.

आणि पुन्हा पाहणी पथक येणार असेल, तर कितीही सकाळी यावे. अर्जदार बोलेल. याबद्दल देवाची परवानगी आधीच मागून ठेवली आहे. आपली बाकी आहे.

९. हा अर्ज दूधगाडीच्या चालकाकडे देत आहे, तो दहा वाजेपर्यंत आपल्या आवक खिडकीत पोहोचेल. काल संध्याकाळी सायकलीचे पुढचे चाकही डुगडुगू लागले, म्हणून आज ती भिंतीला टेकवून ठेवली आहे. बाटल्या फडक्यात गुंडाळून डबा पोटाशी बांधला आहे. पायी सव्वातीन तास लागतात. आता सहाला पाच मिनिटे कमी आहेत आणि आजींची वेळ साडेनऊची, म्हणून अधिक न लिहिता अर्जदार निघत आहे.

आपल्या एका सहीची वाट पाहणारी,

(सही)
फिरती परिचारिका,
वरच्या वस्तीची फेरी

सोबत :
१) पाहणी अहवालाची प्रत.
२) मौनाबाबतचे आपले पत्र, उत्तराविना.
३) समाधानाचा दाखला, कोरा.