मिरीने अडवून धरलेले नाना

तीर्थरूप दादांना साष्टांग नमस्कार. (काचघरात वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा निम्मा नमस्कार उभ्यानेच स्वीकारावा.) वहिनींचा खोकला थांबला असेलच. इकडे तुमची बहीण ठणठणीत असून माझ्याशी बोलत नाही.

कारण तुमचे वडील, म्हणजे आमचे सासरे नाना. सहा महिने संपले की त्यांना तुमच्याकडे पोचवायचं ठरलं होतं. पण थंडीला कंटाळून ते माझ्या काचघरात येऊन बसू लागले. तिथे मी वेलची, मिरी, दालचिनी लावलीय. हीटर चालू, आणि वरून तासातासाला पाण्याचा फवारा. नाना रेनकोट घालून आरामखुर्चीत दिवस काढतात. जन्मभर शाळा तपासलेल्या माणसाला समोर चाळीस कुंड्या ओळीने दिसल्या, मग काय! दुसऱ्याच दिवशी हजेरी सुरू. पानं गाळल्याबद्दल दालचिनीला समज दिली. तीन वर्षं न फुललेल्या वेलचीला नापास करून मागच्या ओळीत, सावलीत बसवलं. (सांगायला लाज वाटते, पण ती फुलली.)

अशात मिरीच्या वेलाने आधी खुर्चीचा पाय धरला, मग हात, मग रेनकोटची बाही. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी, आणि नाना शांतपणे म्हणाले, "जावईबापू, वेलाने घोस धरलेत. आत्ता हललो तर गळतील."

"मग रेनकोट काढून ठेवा ना!" तुमची बहीण ओरडली.

"आणि वेल चढेल कशावर?"

टॅक्सी रिकामी गेली. जेवण आता काचघरातच जातं. (झोपायची वेळ झाली की नाना रेनकोटमधून अलगद निसटतात, सकाळी पुन्हा आत शिरतात.) तुमची बहीण म्हणते, वेल कापा. मी म्हणतो, मिरी पिकू दे. म्हणून हा अबोला.

आपला मेहुणा

ता. क. नानांचा जुना चष्मा आणि राहिलेली पुस्तकं पाठवून द्यावीत. सगळीच.

ता. क. २ काल मी गुपचूप कात्री घेऊन गेलो होतो. पाहतो तर बाहीला वेल सुतळीने बांधलेला! गाठ नानांची. ते खाली बघत म्हणाले, "तिकडे दिवसभर घरात कुणी नसतं हो." मी वरून आणखी एक गाठ मारली. रागावू नका दादा, पण त्यांना न्यायला येऊ नका, चार दिवस त्यांच्याजवळ बसायला या. तुमच्या बहिणीला मात्र गाठीचं कळू देऊ नका. ती सोडवेल.