बत्तीसच्या वेगाने पळवलेली खुर्ची

क्वेबेक, ४ जुलै

प्रिय रोलांदताई,

तुझ्या गुडघ्यांना, तुझ्या मांजराला आणि तुझ्या चर्चच्या गायनमंडळाला (मानाचा क्रम तूच लावून घे) धाकट्या रोझेरचा नमस्कार. डावा गुडघा जास्त दुखतो की उजवा, हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, पण नेमकी त्याच ओळीवर माझी कॉफी सांडली. तेव्हा दोन्हींना आराम पडो. तुझ्याकडे शिकुतिमीत यंदा थंडी जूनपर्यंत रेंगाळली म्हणे. ब्लूबेरीच्या मुरंब्याची बरणी पोचली आणि संपलीही.

मी बरा आहे. पाठ धरली आहे, उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत, जिना उतरताना पोटऱ्यांत गोळे येतात, पण एकंदरीत इतका बरा मी गेल्या तीन वर्षांत नव्हतो. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण दर रविवारी प्रार्थना आटोपली की तू फोनवर एकच सांगतेस: बायको जाऊन तीन वर्षं झाली, आता तरी संध्याकाळी सहाला जेवून दाराला कडी घालणं बंद कर, बाहेर पड. पडलो बाहेर. जे झालं त्याला तूही थोडी जबाबदार आहेस, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

कड्याखालच्या आमच्या सें-सोव्हर वस्तीत, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून, क्लेमांस तांगे राहतात. तू त्यांना जानीनच्या अंत्यविधीला पाहिलं आहेस: उंच, करड्या केसांच्या, आणि सँडविचं कमी पडताहेत असं दिसल्यावर कोणाला न सांगता घरी जाऊन ट्रे भरून आणणाऱ्या. कड्याच्या वरच्या जुन्या शहरात, एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं चादरी धुतल्या, आणि त्यातली नऊ वर्षं त्या पहाटे माझ्याच बसने कामावर गेल्या. (मी चौतीस वर्षं शहराची बस चालवली, पण नऊ वर्षांत मी त्यांना फक्त ‘मागे सरका’ एवढंच म्हणालो असेन.) गेल्या हिवाळ्यापासून आम्ही दर गुरुवारी पत्ते खेळतो. त्या जिंकतात. मी पुढच्या गुरुवारची वाट बघतो. एवढ्यावरून तुला कळलं असेलच. माझ्याबद्दलचं सगळं तुला लहानपणापासून माझ्याआधी कळतं.

आणि मे महिन्यात, पत्ते पिसता पिसता, त्या म्हणाल्या की घरमालकाला जागा त्याच्या मुलीसाठी हवी आहे, म्हणून पहिल्या जुलैला घर सोडून त्या रिमुस्कीला मुलाकडे जाणार. रिमुस्की इथून तीनशे किलोमीटर. मी म्हणालो, ‘छान.’ ताई, तुझा भाऊ हा असा आहे. त्यानंतर जूनचे चारही गुरुवार मी पत्ते खेळलो, हरलो आणि काही बोललो नाही.

तू लग्न झाल्यापासून एकाच घरात राहिलीस, म्हणून पहिली जुलै म्हणजे काय ते तुला ऐकून माहीत आहे, भोगून नाही. अख्ख्या प्रांताचे भाडेकरार एकाच दिवशी संपतात (ज्याने ही तारीख काढली त्याचं स्वतःचं घर असणार), आणि अर्धं शहर उरलेल्या अर्ध्या शहरात राहायला जातं. आदल्या रात्रीपासून फुटपाथवर सोफे, दिवे, गाद्या, पुस्तकांच्या पेट्या येतात. नव्या घरात जे मावणार नाही ते लोक रस्त्यावर ठेवतात, आणि ज्याला हवं तो ते उचलून नेतो. विचारायचं नसतं, आभार मानायचे नसतात. माझं अर्धं घर असंच सजलं आहे. जानीन म्हणायची, याला त्या रात्री घराबाहेर सोडणं धोक्याचं आहे. तिचं म्हणणं खरं होतं, पण ते तिच्या पश्चात खरं ठरलं.

तीस जूनला संध्याकाळी क्लेमांसबाईंचं सामान बांधून झालं होतं आणि मी त्यांच्या दारात उभा राहून दोरीच्या गाठी तपासत होतो. (गाठी उत्तम होत्या.) तेव्हा त्या म्हणाल्या, की पन्नास वर्षं कड्याखाली राहिले, पण जुनं शहर पाहिलं ते हॉटेलच्या मागच्या दाराने आणि पहाटेच्या अंधारात, एकदा रात्रीचे दिवे लागल्यावर सावकाश बघायचं राहून गेलं. मी ताबडतोब म्हणालो की दाखवतो, आज, सायकलवरून. माझी ती विजेची सायकल तुला आठवत असेल. लेकीने, मारिएवने, माझ्या सत्तरीला दिली आणि वर्षभर मी तिच्यावर मोजे वाळवले. मोजे काढले, वात्रट शिट्टी मारणारी तिची घंटा वाजवून पाहिली, क्लेमांसबाईंनी कोपऱ्यावरच्या तळावरून तशीच एक भाड्याने काढली, आणि साडेनऊला आम्ही निघालो. माझा बेत साधा होता. वर जायचं, नदीकाठी थांबायचं आणि त्यांना रिमुस्कीला जाऊ नका म्हणून सांगायचं. वाक्यही तयार केलं होतं: ‘क्लेमांसबाई, रिमुस्कीला वारा फार असतो.’ एवढंच तयार झालं होतं, पण सुरुवात म्हणून वाईट नव्हतं.

ताई, साल्बेरीचा चढ तुला ठाऊक आहे. तरुणपणी मी तो ढकलत चढलो, मग चौतीस वर्षं पहिल्या गिअरमध्ये चढलो. त्या रात्री मी तो गप्पा मारत चढलो. पायाने नुसतं ‘बरं का’ म्हणायचं, बाकीचं मोटर बघते. क्लेमांसबाई तर पुढे गेल्या आणि मोठ्याने हसायला लागल्या. त्यांना तसं हसताना मी कधीच ऐकलं नव्हतं. पत्त्यांत जिंकल्यावर त्या नुसत्या भुवया उंचावतात. वर पोचल्यावर खाली आपलं सगळं सें-सोव्हर उजळलेलं, आणि त्या वाऱ्यात उभ्या. हाच क्षण होता. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात सेंत-ऑलिव्हिए गल्लीच्या तोंडाशी मला ती खुर्ची दिसली.

डुलती खुर्ची. मेपलची, रुंद हातांची, जुन्या सुताराच्या हातची, एकही सांधा न हललेली. फुटपाथवर एकटी, तिच्या शेजारी फक्त एक दिवा आणि कुंडी. माझ्या गॅलरीत एकच खुर्ची आहे, हे तू जाणतेस. मला एकदम वाटलं की आता वाक्याची गरजच नाही. ही खुर्ची घरी नेऊन माझ्या खुर्चीशेजारी ठेवायची, बाई हुशार आहेत, समजून घेतील. म्हणून मी काही स्पष्टीकरण न देता ती उचलली आणि माझा पट्टा व क्लेमांसबाईंचा स्कार्फ यांनी मागच्या कॅरिअरवर बांधली. (त्या म्हणाल्या, रोझेर, ही नक्की टाकलेली आहे ना? मी म्हणालो, बाई, मी या धंद्यात चाळीस वर्षं आहे.)

शंभर पावलं गेलो असू, तोच मागून ओरडा ऐकू आला. वळून बघतो तर एक दांडगा तरुण हात हलवत पळत येत होता. आता असल्या रात्री असे लोक मी खूप पाहिलेत. त्यांना ती वस्तू आधी दिसलेली असते, पण ते गाडी आणायला जातात, आणि परत आल्यावर भांडतात. मी मोटर पाचव्या पायरीवर टाकली. तो मागे पडला, आणि मी निवांत झालो, आणि परत वळून बघतो तर त्यानेही तळावरची विजेची सायकल काढली होती.

इथे तुला एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे. या सायकलींची मोटर ताशी बत्तीसला मदत बंद करते, कायदाच आहे. त्यामुळे मी बत्तीसने पळतोय, तो बत्तीसने माझ्यामागे, आणि अंतर शंभर पावलं ते शंभरच. ना तो जवळ येतो ना मी लांब जातो. अशा रीतीने आम्ही जुन्या शहराच्या वेशीतून आत शिरलो. क्लेमांसबाईंना मी चारशे वर्षांचा इतिहास निवांत दाखवणार होतो. तो मी अकरा मिनिटांत दाखवला. तटबंदी उजवीकडे, नगरभवन डावीकडे, कॅथेड्रल कुठेतरी वर, असं मी ओरडून सांगत होतो आणि मागे खुर्ची अशी डुलत होती की तिच्यात कोणीतरी बसलंय असं बघणाऱ्यांना वाटावं. फिरायला आलेल्या लोकांनी आमचे फोटो काढले. नदीवरच्या लाकडी गच्चीवर सायकल चालवायला मनाई आहे. ती पाटी मी परत येताना वाचली. पलीकडच्या काठावर लेव्हीचे दिवे, पाण्यात फेरीबोट, वर त्यांचं ते हॉटेल खिडक्याखिडक्यांतून पेटलेलं. क्लेमांसबाई माझ्या बरोबरीने आल्या आणि म्हणाल्या की एकोणतीस वर्षं इथे काम केलं, पण समोरून हे एवढं सुंदर दिसतं हे कोणी सांगितलं नाही. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘वाकून चालवा, वारा लागतो.’

मग डोंगरउताराचा रस्ता आला. उतारावर मोटरीचा कायदा चालत नाही, वजनाचा चालतो, आणि तो पोरगा माझ्या दीडपट होता. अंतर पन्नास झालं, तीस झालं, आणि नेमकी माझी बॅटरी संपली. (मोजे वाळवणाऱ्या सायकलीची बॅटरी भरायची असते, हे कोणाच्या लक्षात राहतं?) त्याआधीच क्लेमांसबाईंनी ब्रेक लावून सायकल आडवी घातली होती. मुलाला त्या म्हणाल्या, बाळा, आधी श्वास घे, मग सांग. तो हँडलवर डोकं टेकून धापा टाकत होता.

‘काका,’ तो म्हणाला, ‘ती माझ्या आजीची खुर्ची आहे. आजी अजून वर तिसऱ्या मजल्यावर आहे. ती म्हणाली, आधी खुर्ची खाली ठेव, मग मला आण, म्हणजे मला रस्त्यावर उभं राहायला नको.’

ताई, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो पोरगा, जेरेमी त्याचं नाव, चांगला निघाला. ट्रक त्या दिवसांत मिळतच नाही. त्याला रात्रीपुरताच मिळाला होता, आणि मदतीला येणाऱ्या दोन मित्रांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. मी म्हणालो, आता आम्ही येतो. तो डोंगराचा चढ आम्ही तिघे बंद पडलेली सायकल आणि खुर्ची ढकलत चढलो. मग बाहेरच्या गोल लोखंडी जिन्यावरून मी सतरा खोकी, एक कपाट आणि एक धुण्याचं यंत्र उतरवलं. (बोटं तिथे सुजली.) क्लेमांसबाई खाली उभ्या राहून हुकूम सोडत होत्या, आणि त्यांचे हुकूम चुकले नाहीत.

साडेबाराला सामान चढलं. अशा वेळी मदत करणाऱ्यांना पिझ्झा आणि बिअर द्यायची रीत आहे, ती जेरेमीने पाळली, अगदी खुर्चीचोराच्या बाबतीतही. आम्ही फुटपाथवर खोक्यांवर बसलो होतो. आल्फोंसीन आजी, वय वर्षं एक्क्याण्णव, आपल्या खुर्चीत शाल पांघरून डुलत होत्या. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं.

‘एवढा जीव तोडून माझी खुर्ची पळवलीस,’ त्या म्हणाल्या, ‘ती बसवणार कोणाला होतास?’

माझ्या हातात पिझ्झाचा तुकडा होता, तो मी तसाच धरून ठेवला. वाऱ्याचं वाक्य आठवेना. मी म्हणालो, ‘यांना. माझ्या गॅलरीत एकच खुर्ची आहे. मला वाटत होतं की यांनी रिमुस्कीला जाऊ नये.’

क्लेमांसनी आपला घास संपवला. तोंड पुसलं. मला वाटलं, आता त्या उठून सायकल घेऊन जातील.

‘डुलत्या खुर्च्या माझ्याकडे दोन आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘कालच बांधल्या. तू त्यांच्याच गाठी तपासत होतास. विचारायचं होतंस तर विचारायचं होतंस, म्हाताऱ्या माणसांच्या खुर्च्या कशाला चोरतोस?’

आल्फोंसीन आजी इतक्या हसल्या की जेरेमीला त्यांना पाणी द्यावं लागलं. मी हसलो, की रडलो, ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा रेजां तीनशे किलोमीटरवरून ट्रक घेऊन आला. सामान चढवलं, दार लावलं, आणि आईने त्याला सांगितलं की डावीकडे वळ. दोन गल्ल्या गेल्यावर थांब म्हणाली. रेजां फार बोलत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि म्हणाला, की हे मे महिन्यात सांगितलं असतं तर ढकलगाडीत भागलं असतं. मग त्याने माझा हात हातात घेतला, तोही सुजलेलाच. मी सध्या फार सुखात आहे, ताई. सकाळी उठतो तर स्वयंपाकघरात कोणीतरी माझ्या कॉफीला नावं ठेवत असतं.

गुडघ्यांची काळजी घे. मांजराला माझ्या नावाने एक मासा दे.

तुझा धाकटा, आणि शेवटी बाहेर पडलेला,
रोझेर

ता.क. आता पत्राचं खरं कारण. मारिएवला यातलं काही माहीत नाही. मी तट, तोफा, उतार आणि आल्फोंसीन आजी यांना तोंड दिलं, पण पोटच्या पोरीला कसं सांगू कळत नाही. तिच्या आईच्या घरात दुसरी बाई, हे तिला कसं वाटेल? तुझं ती ऐकते. तूच फोन करून हळूच सांग. हॉटेल, चादरी आणि सँडविचं यांचा उल्लेख आधी कर. खुर्चीचा करू नकोस.

दुसरा ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मारिएवचाच फोन आला. तिने म्हणे सायकलीच्या सीटखाली एक यंत्र बसवलंय, चोरी झाली तर सापडावी म्हणून. सायकल कुठे आहे ते तिला तिच्या फोनवर ठिपका होऊन दिसतं. वर्षभर ती रोज झोपताना बघायची, आणि वर्षभर तो ठिपका माझ्या घरात जिथल्या तिथे. तीस तारखेला तो हलला. तिला वाटलं चोरच, पोलिसांना फोन लावणार होती, पण मग तो चढाला लागण्याआधी वाटेतल्या प्रत्येक बसथांब्यावर थांबायला लागला. (हे मी वर लिहिलं नव्हतं. पायांना सवय आहे, मी काय करू.) मग तिने पोलिसांना फोन केला नाही. ती एक वाजेपर्यंत पलंगावर बसून नुसती बघत राहिली. म्हणाली, ‘बाबा, तीन वर्षं तुमच्या काळजीने जागत होते. त्या रात्री पहिल्यांदा मजेने जागले. बरोबर कोणीतरी असणारच. कोण, तेवढं सांगा.’ तेवढ्यात क्लेमांसने माझ्या हातातून फोन घेतला. त्या दोघी अजून बोलताहेत, आणि मधूनमधून हसताहेत. तेव्हा तुझं फोन करायचं काम वाचलं. केलास तरी लागायचा नाही.